केशराची किलबिल

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला, की महाराष्ट्रात दोन गोष्टी एकदम घडतात. खोबरेल तेलाची बाटली गोठते आणि माणसं उलायला लागतात. बाटलीचं गोठणं शास्त्राला धरून असतं. पारा २४ अंशांच्या खाली उतरला की खोबरेल घट्ट होऊ लागतं, त्यामुळे थंडी पडल्याची बातमी आपल्याला वेधशाळेच्या आधी न्हाणीघरातल्या फळीवरून कळते. माणसांच्या उलण्याला असा नेम नाही. कुणाचे ओठ फुटतात, कुणाच्या टाचांना चार आण्याचं नाणं उभं राहील अशा भेगा पडतात, आणि कुणाची नडगी इतकी पांढरी पडते की नखाने तिच्यावर सही करावी.

मग मेडिकलची वारी. पूर्वी तिथे एक वाक्य पुरायचं. आता काउंटरवरचा मुलगा आधी विचारतो, "स्किन टाइप कोणता, काका?" मी "माणसाची" म्हणतो, पण त्याचं समाधान होत नाही. ड्राय, ऑयली, सेन्सिटिव्ह, कॉम्बिनेशन असे चार पर्याय तो समोर ठेवतो. कॉम्बिनेशन म्हणजे नाक तेलकट आणि गाल कोरडे. आमच्या आळीत याला नुसतं 'तोंड' म्हणत.

बाटल्यांचं दर्शनी अंग मोठं प्रेक्षणीय असतं. एकीवर केशर, दुसरीवर फोडलेला बदाम, तिसरीवर मधाची धार, चौथीवर कोरफडीचं पान कापून त्यातून थेंब गळतोय. यातलं निम्मं साहित्य कोजागरीच्या दुधातही पडतं. हे सगळं आपल्या कातडीसाठी खर्ची घातलंय या विचाराने माणूस हळवा होतो आणि पाकिटाला हात घालतो. नेमक्या त्या क्षणी बाटली उलटी करावी, असं माझं मत आहे. मागच्या बाजूला चाळीस-पन्नास नावं स्वल्पविरामांनी जोडलेली असतात. ती वाचायला चष्मा पुरत नाही. मी मोबाइलने फोटो काढून तो दोन बोटांनी ताणतो. दुकानातला मुलगा मला अन्न व औषध प्रशासनाचा माणूस समजून जरा अदबीने वागू लागतो, हा एक जादा फायदा.

ही यादी लग्नपत्रिकेसारखी वाचायची. आपल्याकडे कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० म्हणून नियम आहेत. त्यांच्याप्रमाणे १ टक्क्याहून जास्त असलेले घटक वजनाच्या किंवा मापाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. म्हणजे वर मानाची नावं, ज्याची भर मोठी तो आधी. १ टक्का आणि त्याहून कमी असलेले मात्र त्यानंतर कसेही लिहिता येतात. पत्रिकेत अगदी तळाला 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिमुकल्यांची किलबिल असते ना, तीच ही मंडळी. किलबिलीत कुणाचं नाव आधी आणि कुणाचं मागे यावरून कधी रुसवेफुगवे होत नाहीत, कारण तिथे मानापानाचा प्रश्नच नसतो. आता आपल्या बाटलीवरचं केशर शोधा. 'क्रोकस सटायव्हस' या नावाने ते बहुधा किलबिलीत सापडेल. पुढच्या बाजूला घोड्यावर बसून मिरवणारा हा नवरदेव मागच्या बाजूला चि. पिंट्याच्या शेजारी उभा असतो.

किलबिल कुठून सुरू झाली हे छापत नाहीत, पण एक खूण सांगतो. 'फिनॉक्सिइथेनॉल' हा पदार्थ क्रीम नासू नये म्हणून घालतात, आणि तो १ टक्क्यापेक्षा जास्त घालू देत नाहीत. तो दिसला की त्याच्या पुढे उभे असलेले सगळे एक टक्क्याच्या आतले. बदाम, मध, मोती, चंदन, गुलाब हे बहुतेक वेळा तिथेच भेटतात. ते असतात, त्यात खोटं काही नाही. पण आमटीत हिंग असतो म्हणून कुणी तिला हिंगाची आमटी म्हणत नाही.

पत्रिकेत अग्रस्थानी असतं 'अ‍ॅक्वा'. म्हणजे पाणी. गवळ्याने दुधात वाटीभर पाणी घातलं तर आपण सकाळी सकाळी जिन्यात उभं राहून त्याची सात पिढ्यांची चौकशी करतो. इथे निम्म्याहून जास्त बाटली पाण्याची, तेही बाटलीवर लिहून, आणि आपण ते डबीभर घेऊन घरी येतो. मात्र या पाण्याचा त्वचेला उपयोग बेताचाच. ते थोड्या वेळात उडून जातं. मागे जे राहतं त्यावर सगळा खेळ.

मागे राहणाऱ्यांची कामं तीनच. काही पाणी ओढून धरतात, काही त्वचेच्या खरखरीत पापुद्र्यांमधल्या फटी बुजवतात, आणि काही वर झाकण घालतात. आमच्या लेकीने मला 'स्किन बॅरियर' या विषयावर तीन रविवार शिकवणी दिली, तिचा मथितार्थ एवढाच निघाला.

पाणी ओढणाऱ्यांत पहिला मान ग्लिसरीनचा. १७७९ साली स्वीडनच्या कार्ल शील या रसायनशास्त्रज्ञाने ऑलिव्हचं तेल मुरदाडशिंगाबरोबर तापवलं, तेव्हा हे हाती लागलं आणि चवीला गोड लागलं. पुढे साबणाच्या कारखान्यांतून ते ढिगाने मिळू लागलं. खोकल्याच्या औषधात ते, टूथपेस्टमध्ये ते, केकमध्ये ते. त्याच्यापासून केलेल्या नायट्रोग्लिसरीनला नोबेलने १८६७ मध्ये डायनामाइटमध्ये बसवलं, आणि मराठी सिनेमातल्या कित्येक सोशिक सुना साधं ग्लिसरीन डोळ्यांत घालून रडल्या. एवढं सगळं करून ते बाटलीच्या पुढच्या बाजूवर क्वचितच दिसतं, कारण ग्लिसरीनचं चित्र काढायचं कसं? मेडिकलमध्ये त्याची साधी बाटली दोन वडापावांच्या भावात मिळते. आमच्या आईच्या पिढीने गुलाबपाण्यात मिसळून ते वापरलं, ते बरोबरच होतं. नुसतं चोळलं तर चिकट होतं, आणि नागपूरसारख्या कोरड्या थंडीत त्याला वरच्या हवेतून पाणी मिळत नाही, मग ते खालच्या थरांतून ओढू लागतं. म्हणून वर झाकण लागतं.

बाकीच्या मंडळींची ओळख आमच्याकडे भाऊबीजेला झाली. सांगलीकडचा मामा आणि आळंदीची वारी न चुकवणारी माळकरी मावशी, दोघंही आईकडे आली होती. मावशीचे हात उललेले पाहून लेकीने आपली महागाची बाटली आणली आणि मावशीच्या आग्रहावरून मागची यादी वाचायला घेतली.

"सिटाइल अल्कोहोल," लेक म्हणाली. मावशीने हात पदराखाली घेतला.

"मावशीआजी, ही दारू नाही गं. मेणासारखे पांढरे पापुद्रे असतात. त्याने क्रीम दाट होतं आणि कातडी मऊ पडते. कोरडी पाडणारं अल्कोहोल वेगळं, त्याला 'अल्कोहोल डिनॅट' लिहितात."

"मेण कशाचं?"

आमची लेक खोटं बोलत नाही, हा आमच्या संस्कारांचा दोष. तिने सांगितलं की हे पूर्वी देवमाशाच्या डोक्यातल्या तेलापासून काढत, आता पाम तेलापासून करतात. पुढचं नाव होतं स्क्वालेन. ते पूर्वी शार्कच्या यकृतातून यायचं, आता ऑलिव्हमधून किंवा उसाच्या साखरेपासून बनवतात. त्यापुढे हायालुरॉनिक अ‍ॅसिड. १९३४ साली ते प्रथम गाईच्या डोळ्यात सापडलं, मग कित्येक वर्षं कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत, आता जिवाणूंकडून करून घेतात.

मावशीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे देवमासा झाला, मासा झाला, कोंबडा झाला, वर दारू. ताटात काही राहिलं का गं?"

"मावशीआजी, पूर्वी. आता सगळं शाकाहारी आहे."

"पूर्वी आम्हीही सगळे चांगले होतो," असं काहीतरी गूढ बोलून मावशीने आईकडे खोबरेल मागितलं.

मामा मात्र 'ऊस' ऐकून सावरून बसला होता. "उसापास्नं हे करत्यात? आन् बाटली कितीची?" किंमत ऐकल्यावर त्याने उसाच्या सरकारी दराचा, म्हणजे एफआरपीचा, हिशोब बोटांवर सुरू केला. तो पुरा व्हायच्या आत लेकीने टाचांच्या क्रीमची ट्यूब त्याच्या हाती दिली. तिच्यावर पाण्याच्या लगोलग खाली लिहिलं होतं, 'युरिया'.

"आरं, ही तर आम्ही उसाला घालतोय की!" मामा उठून उजेडात गेला. "आन् नीमकोटेड हाय का?"

नीमकोटेड नव्हता, पण युरिया तोच. ४५ किलोच्या गोणीतला आणि ५० ग्रॅमच्या ट्यूबमधला रेणू एकच. ट्यूबमधला अधिक शुद्ध, आणि भावाचं तर विचारूच नका. आपल्या त्वचेचा वरचा थर ज्या नैसर्गिक पदार्थांच्या जोरावर पाणी धरून ठेवतो, त्यांत सुमारे ७ टक्के युरियाच असतो. क्रीममध्ये १० टक्क्यांपर्यंत तो पाणी धरतो. २०-२५ टक्क्यांच्या वर गेला की टाचेची मेलेली, जाड कातडी सैल करतो. हे सगळं मामाला पटलं. फक्त गोणीतला युरिया टाचेला लावू नये हे त्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, आणि जाताना त्याच्या चेहऱ्यावर जो विचार होता तो मला अजून बरा वाटत नाही.

आता झाकण. यात व्हॅसलीनला तोड नाही, आणि हे मी कुणाच्या जाहिरातीसाठी सांगत नाही. पेट्रोलियम जेली त्वचेतून उडणारं सुमारे ९८ टक्के पाणी अडवते, असं त्वचारोगाची पुस्तकं सांगतात. लॅनोलिन, मिनरल ऑइल, सिलिकोन ही मंडळी २०-३० टक्क्यांवर थांबतात. या जेलीचा जन्म अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानियाच्या तेलविहिरींवर झाला. पंपांच्या दांड्यांवर एक मेणचट काळा राप साचायचा. कामगार त्याला शिव्या घालत आणि भाजल्या-कापल्यावर तोच लावत. १८५९ साली रॉबर्ट चेसब्रो नावाचा तरुण तिथे गेला, त्याने तो राप घरी आणला, शुद्ध केला आणि १८७२ मध्ये पेटंट घेतलं. तो गावोगाव फिरून लोकांसमोर स्वतःची कातडी भाजून घ्यायचा आणि वर आपलं मलम लावून दाखवायचा. रोज एक चमचा व्हॅसलीन खातो, असंही सांगायचा. ९६ वर्षं जगला. आपण हा प्रयोग करू नये. पण सिनेमातल्या नटीला पैसे देऊन गालावरून बोट फिरवायला लावणाऱ्यांपेक्षा हा गृहस्थ मला जास्त प्रामाणिक वाटतो.

अलीकडे रात्री तोंडाला व्हॅसलीन थापून झोपण्याला 'स्लगिंग' म्हणतात. चेहरा गोगलगाईसारखा चकचकीत दिसतो म्हणून हे नाव. उशीच्या अभ्र्याचं काय होतं, ते स्लगिंग करणाऱ्यांपैकी कुणी सांगत नाही. अभ्रे धुणाऱ्यांना विचारा.

बाटलीवर जे नाही त्याचीही आता जाहिरात असते. 'पॅराबेन-फ्री' हे त्यातलं सर्वांत मोठं अक्षर. २००४ साली इंग्लंडमध्ये स्तनाच्या गाठींच्या २० नमुन्यांत पॅराबेन सापडले आणि जगभर घबराट उडाली. त्यांच्यामुळेच गाठ झाली असं त्या अभ्यासाने दाखवलं नव्हतं, निरोगी ऊतींशी तुलनाही केलेली नव्हती. पण बातमीला एवढा दम कुठला? कंपन्यांनी पॅराबेनना घराबाहेर काढलं. आता क्रीममध्ये पाणी आहे म्हटल्यावर बुरशी येणारच, कुणीतरी राखण करायला हवं. म्हणून काहींनी मिथाइलआयसोथायाझोलिनोनची नेमणूक केली. नाव वाचतानाच खाज सुटते, आणि झालंही तसंच. इतक्या लोकांच्या अंगावर पुरळ उठलं की २०१३ मध्ये अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या एका संस्थेने त्याला 'वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक' असा किताब दिला, आणि पुढे युरोपने लावून ठेवायच्या क्रीममधून त्याला हद्दपार केलं. जुना गुरखा बिचारा दारू पीत नव्हता, फक्त त्याच्याबद्दल वावड्या उठल्या होत्या.

'१०० टक्के नैसर्गिक' म्हणणाऱ्यांना मी एकच शब्द सांगतो: बिब्बा. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेला, एकही रसायन न मारलेला, शंभर टक्के नैसर्गिक बिब्बा. गालाला लावून बघा. तो पुरला नाही तर खाजकुयरी आहे. 'डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड' म्हणजे त्वचेवर तपासलं एवढंच. पास झालं की नापास, ते बाटली सांगत नाही. आणि ज्यांची कातडी नाजूक त्यांनी भीतीच धरायची तर 'परफ्यूम' किंवा 'पार्फम' या शब्दाची धरावी. त्या एका शब्दाच्या मागे डझनावारी द्रव्यं दडलेली असतात आणि क्रीमची अ‍ॅलर्जी होते तेव्हा बऱ्याचदा आरोपी त्यांच्यातच निघतो. मोगऱ्याचा वास हवा असेल तर गजरा घ्यावा.

लेकीच्या बाटलीत मला शेवटी एक नातेवाईक भेटला. यादीत बऱ्यापैकी वर, मानाच्या जागी लिहिलं होतं, 'गार्सिनिया इंडिका सीड बटर'. हे म्हणजे आपलं कोकमाचं तेल. तळकोकणात आठवडी बाजारात त्याचे फिकट, अंड्याएवढे गोळे मिळतात. कोकमाच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळून तवंग काढायचा आणि निवत आला की हाताने वळायचा. हे तेल असूनही दगडासारखं घट्ट असतं, पण अंगाच्या उबेला आलं की विरघळू लागतं. आजी गोळा चुलीच्या निखाऱ्यावर क्षणभर धरायची, त्याचा ओला झालेला गुळगुळीत भाग टाचेच्या भेगेत दाबून फिरवायची आणि वरून जुनं फडकं बांधायची. गोळा परत शिंकाळ्यावर. एक गोळा दोन हिवाळे पुरायचा. शंभर वेळा पाण्याने धुतलेलं तूप, ते शतधौत घृत, तेही आता छोट्या काचेच्या डबीत आलंय; पण ते कुणी खरंच शंभर वेळा धुतलं की सत्तरावर हात दुखले, हे डबी सांगत नाही.

यावरून आजीचं सगळं बरोबर होतं असं कुणी समजू नये. याच आजीने आमच्या तोंडाला लिंबू चोळलं आहे. त्वचेचा सामू ५ च्या आसपास, लिंबाचा २. आम्ही ओरडायचो तेव्हा ती म्हणायची, "लागतंय म्हणजे गुण येतोय." हरभऱ्याच्या पिठाने ज्या जोराने तिने आमच्या कोपरांचा मळ काढला, त्या जोराने नगरपालिका रस्ते खणते.

आणि खोबरेलाचं म्हणाल तर हा सगळ्यांत जुना मॉइश्चरायझर कायद्याने अजून मॉइश्चरायझर झालेलाच नाही. लहान बाटलीतलं खोबरेल खायचं की डोक्याला लावायचं, यावर करखातं आणि कंपन्या पंधराएक वर्षं भांडत होत्या; जीएसटी आल्यावर तर २०२५ पर्यंत खाद्यतेलाला ५ टक्के कर आणि केसांच्या तेलाला १८ असा हिशोब होता. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: केसांचं तेल म्हणून विकत नसाल तर लहान बाटलीतलंही ते खाद्यतेलच. चेसब्रो ऐकून खूश झाला असता.

तेव्हा घ्यायचंच असेल तर पहिल्या पाच-सहा नावांत ग्लिसरीन, पेट्रोलेटम (म्हणजे पेट्रोलियम जेलीच), शिया किंवा कोकम बटर असलं काही आहे का ते पाहा, नाही तर बाटली परत ठेवा. आंघोळ कोमट पाण्याने करा, अंग पुरतं कोरडं व्हायच्या आत लावा. सॅशे किंवा इवल्या ट्यूबवर यादी सापडली नाही तर चिडू नका. ३० ग्रॅमच्या आतल्या क्रीमला ती छापण्यातून सूट आहे.

आणि दुकानदार मंडळींना हात जोडून एक विनंती. किमतीचं स्टिकर तुम्ही हटकून त्या यादीवर चिकटवता, त्यामुळे 'कॅप्रि' इथे बुडालेलं नाव 'सराइड' म्हणून पलीकडे वर येतं आणि मधल्या कुणाचा पत्ता लागत नाही. ते स्टिकर पुढच्या बाजूला, बदामाच्या चित्रावर लावा. तिथे वाचण्यासारखं काही नसतं.